भादलीचा अर्ज आणि ‘महिला’ या शब्दाचा पेच

2024 च्या विधानसभा निवडणुकीत रावेर मतदारसंघातून एका पक्षाने तृतीयपंथी उमेदवार दिला, तेव्हा खान्देशाला हा विषय नवा राहिला नव्हता. जळगाव-भुसावळ लोहमार्गावरच्या भादलीत त्याची खडाजंगी आधीच होऊन गेली होती, तीही ग्रामपंचायतीच्या एका प्रभागासाठी. रावेरची उमेदवारी समजून घ्यायची तर भादलीचा तो अर्ज आधी समजून घ्यावा लागतो.

फार मागे जाण्याची गरज नाही. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. तो अंमल मुख्यतः उत्तरेकडच्या प्रांतांत होता, पण संशयाची ती नजर कायदा गेल्यावरही देशभर उरली. निवडणुकीच्या राजकारणाची सुरुवात मात्र आपल्या शेजारी, मध्य प्रदेशात झाली. तिथल्या सोहागपूर मतदारसंघाने देशातली पहिली तृतीयपंथी आमदार विधानसभेत पाठवली. 2003 पर्यंत त्या सभागृहात होत्या. (भुसावळहून इटारसीमार्गे जबलपूरला जाणाऱ्यांना वाटेत सोहागपूर स्टेशन लागतं, ते हे नव्हे. हा मतदारसंघ तिकडे लांब, शहडोल भागातला.) त्या खुल्या जागेवरून लढल्या, त्यामुळे त्या स्त्री की पुरुष हा प्रश्न निकालाच्या आड आला नाही.

मध्य प्रदेशातल्याच कटनीत तो आला. त्याच सुमारास कटनीच्या महापौरपदी एक तृतीयपंथी उमेदवार निवडून आली. पद महिलांसाठी राखीव होतं. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि 2003 मध्ये उच्च न्यायालयानेही निवड रद्द होण्यावर शिक्कामोर्तब केलं. कारण एवढंच, की निवडून आलेली व्यक्ती ‘महिला’ नाही. लोकांनी मतं दिली होती, त्यांना उमेदवार कोण आहे हे पुरतं ठाऊक होतं, तरी ते सगळं एका शब्दापुढे फिकं पडलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत अन्यायाचा क्षण तोच.

पुढे 2009 मध्ये मतदार नोंदणीत ‘इतर’ हा पर्याय आला. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला दिला. शिक्षण आणि नोकरीत मागास म्हणून आरक्षण द्यावं, असंही त्या निकालात होतं. निवडणुकीतल्या राखीव जागांबद्दल मात्र त्यात काही नव्हतं. तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या संरक्षणाचा 2019 चा कायदा त्यानंतर आला, आणि गुंता तिथूनच वाढला. त्याचं मूळ चौथं कलम स्वतःला जाणवलेली ओळख मान्य करत होतं. पण जिल्हाधिकाऱ्यांकडून जे ओळखपत्र मिळायचं त्यावर ‘तृतीयपंथी’ एवढीच नोंद व्हायची. ‘महिला’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी तर शस्त्रक्रियेनंतर पुन्हा अर्ज करावा लागायचा. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने दाखला मागितला, असा हा प्रकार.

अशा वेळी 2020 च्या डिसेंबरात भादली बुद्रुकच्या सर्वसाधारण महिला प्रभागातून एका तृतीयपंथी उमेदवाराने अर्ज भरला. छाननीत तो बाद झाला. उमेदवार तृतीयपंथी आहे आणि या निवडणुकीत तृतीयपंथीयांसाठी राखीव प्रभागच नाही, असं कारण दिलं गेलं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात नियमावली होती, आणि तिच्यात या माणसांसाठी ओळच नव्हती, हे खरं. पण नियमात ओळ नाही म्हणून माणसालाच वगळायचं, हे मला पटत नाही. ज्यांच्यासाठी कुठलीच जागा राखीव नाही, त्यांना ‘तुमची जागा राखीव नाही’ हे कारण दाखवून घरी पाठवलं जात होतं.

वर्ष बदललं आणि 2 जानेवारी 2021 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अर्ज बाद करण्याचा तो आदेश रद्द केला. उमेदवाराने आपण स्त्री असल्याचं निवडलं आहे, आणि ती निवड करण्याचा हक्क तिला आहे, ही निकालाची मध्यवर्ती बाजू. त्यावरच बहुतेक लोक थांबतात. खरी मेख पुढे आहे. ही निवड आयुष्यभरासाठी आहे, पुढे सोयीसाठी पुरुष म्हणून उभी राहणार नाही, अशी भूमिका उमेदवाराने घेतली होती आणि खंडपीठाने ती नोंदवून घेतली. अपवाद एकच ठेवला: उद्या सार्वजनिक जीवनात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र आरक्षण आलं तर तिथून लढता येईल.

महिलांची राखीव जागा कुणी लबाडीने बळकावू नये, ही काळजी रास्तच आहे. पन्नास टक्के आरक्षण महाराष्ट्रातल्या बायकांना सहज मिळालेलं नाही. पण जन्मभराची हमी गावातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईकडून कुणी घेत नाही. तिला मतदार यादीतली नोंद पुरते. शिवाय या अपवादामुळे ‘महिला’ ही ओळख आरक्षण येईपर्यंतची तात्पुरती तडजोड ठरते की काय, हा प्रश्न उरतोच.

15 जानेवारीला मतदान झालं, 18 तारखेला मतमोजणी. भादलीने त्या उमेदवाराला निवडून दिलं. कोर्टाने अर्ज वाचवला, निवडून मात्र गावाने दिलं, हे कुणी विसरू नये.

रावेरात 2024 मध्ये विजय मिळाला नाही. तिथे ‘महिला’ शब्दाचा पेच उद्भवलाच नाही, कारण विधानसभेत महिलांसाठी राखीव जागा नव्हत्या. 2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांमध्ये एक तृतीयांश जागा महिलांसाठी ठेवल्या, आणि अंमल जनगणना व मतदारसंघांच्या फेररचनेशी जोडला. त्या जागांवर जेव्हा अर्ज भरले जातील, तेव्हा भादलीच्या छाननीतला तोच प्रश्न विधानसभेच्या अर्जावर विचारला जाईल, आणि दुरुस्तीच्या मजकुरात तृतीयपंथीयांचा उल्लेख नाही.