सर्वांत आधी कामावर, सर्वांत शेवटी घरी

२०१९ साली ‘मोबाइलमुळे तरुणांच्या डोक्याला शिंगे फुटू लागली’ अशा आशयाची बातमी जगभर फिरली. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांना एक्स-रेमध्ये कवटीच्या मागच्या बाजूस हाडाचे टोक वाढलेले आढळले होते. परंतु त्या व्यक्ती मोबाइल किती वापरतात, हे त्यांनी मोजलेलेच नव्हते. या शिंगांच्या गलबल्यात खरे कोडे बाजूला राहिले. पोती वाहणाऱ्या हमालाचे खांदे दुखले तर नवल नाही. पण संगणकावर टंकन करताना मानेपासून खांद्यापर्यंत आणि पाठीवर पसरलेला ट्रॅपेझियस हा स्नायू आपल्या ताकदीचा जेमतेम काही टक्के भाग वापरतो. एवढ्याशा कामाने तो दुखावा कसा?

स्नायू हा एकसंध दोर नसतो. मज्जारज्जूतील एक चेतापेशी आणि तिच्या हुकमतीतील तंतू मिळून एक ‘चालक एकक’ होते, आणि एका स्नायूत अशी लहानमोठी अनेक एकके असतात. ती लहान आधी व मोठी मागाहून या क्रमाने कामाला लागतात, हा नियम एलवुड हेनमन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर मांडला, आणि त्याचे कारण शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमात आहे. लहान पेशीचे पृष्ठफळ कमी, म्हणून तिच्या आवरणातून विद्युतप्रवाह निसटण्याच्या वाटाही कमी, म्हणजेच रोध जास्त. त्यामुळे प्रवाह क्षीण असला तरी तिच्या आवरणावरील विभवांतर पुरेसे बदलते आणि ती आधी उद्दीपित होते. काम थांबताना हा क्रम उलटतो, आणि लहान एकके सर्वांत शेवटी सुटतात.

स्वीडनमधील योरान हेग यांनी १९९१ मध्ये या लहान एककांतील तंतूंना परीकथेतील सिंड्रेलाची, म्हणजे सर्वांत आधी उठून सर्वांत शेवटी झोपणाऱ्या राबत्या मुलीची, उपमा दिली. खांदे किंचित उचललेले असेपर्यंत मोठे तंतू झोपलेले असतात आणि हेच लहान तंतू तासन्‌तास राबतात. दुखऱ्या ट्रॅपेझियसच्या नमुन्यांत अशा मंदगती तंतूंमधील मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रचना, बिघडलेल्या दिसल्या आहेत. मात्र असे तंतू न दुखणाऱ्या खांद्यांतही सापडतात, म्हणून याला अजून गृहीतकच म्हणावे लागेल. नुसत्या मानसिक ताणानेही ट्रॅपेझियसमधील विद्युतक्रिया वाढते, ही त्यातील माझी आवडती बाब आहे. वरिष्ठांचा ईमेल वाचताना बोटही न हलवता खांदा राबत असतो.

हे मानले, तर ‘ताठ बसा’ हा सल्ला अपुरा ठरतो, कारण ताठ पण अचल बसल्याने सिंड्रेलेची सुटका होत नाही. खांदे पूर्ण सैल पडतील असे क्षण वारंवार मिळायला हवेत. कोपरापुढचा हात टेबलावर किंवा खुर्चीच्या हातांवर टेकवावा, माउस जवळ ठेवावा, लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर ठेवून वेगळा कीबोर्ड जोडावा आणि दर अर्ध्या तासाने उठावे. दुखणे जडले असेल तर केवळ विश्रांती घेण्यापेक्षा व्यायाम बरा: डेन्मार्कमधील एका चाचणीत, ट्रॅपेझियसचे दुखणे असलेल्या स्त्रियांनी आठवड्यातून ३ वेळा २० मिनिटे याप्रमाणे १० आठवडे वजने उचलून मान-खांद्यांचा व्यायाम केला, तेव्हा त्यांच्या वेदना बऱ्याच घटल्या.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची प्रथा आपल्याकडे आहे. अशी दुखणी पुष्कळदा काही दिवसांत आपोआप ओसरतात आणि श्रेय पायाला मिळते. ते निदान निरुपद्रवी तरी आहे. सलूनमध्ये झटका देऊन मान मोडून घेणे तसे नाही, कारण त्यात मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी क्वचित फाटू शकते. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड सैल पडत असेल, तर दुखणे मज्जातंतूचे असू शकते, आणि तेव्हा डॉक्टरांकडेच जावे.