फियाट, आठशे आणि कसाऱ्याचा घाट

नाशिकात जुन्या गाड्यांचा विषय निघाला की बोलणं कसाऱ्यापाशी येतंच. फियाट बरी की मारुती आठशे, या वादाचा निकाल मुंबई-आग्रा रस्त्यावरचा हाच घाट लावायचा. कसारा ते इगतपुरी साधारण ३०० मीटरचा चढ, त्यात मे महिना आणि टपावर सामान.

फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. आपल्या मालेगाव तालुक्यातला रावळगावचा साखर कारखानाही त्यांचाच. कुर्ल्यात फियाटच्या परवान्यावर बनणारी ११०० डी सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली, ती कागदोपत्री. लोकांनी शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. आयात बंद, उत्पादनावर परवान्याचा लगाम, त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. स्पर्धा नाही म्हणून गाडीही फारशी बदलली नाही, आणि गंमत म्हणजे देखभालीला तेच पथ्यावर पडलं. एका गाडीचा पार्ट दुसरीला बसायचा, कुठलाही मेस्त्री डोळे झाकून इंजिन उघडायचा.

पण उघडावं फार वेळा लागे. ठिणगीचे पॉइंट घासा, प्लग साफ करा, हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर ट्यून करा, पुढच्या चाकांना ग्रीस भरा. घाटात इंजिन गार करणारा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणार, म्हणजे चढाला वेग मंदावला की वाराही कमी. टाकीतून पेट्रोल खेचणारा पंप इंजिनाला चिकटलेला. तो तापला की आत पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी ठप्प. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि बोनेट उघडून वाट बघायची. पाण्याचा कॅन डिकीत नसलेला फियाटवाला मी तरी पाहिला नाही.

१४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. फियाटचं इंजिन १०८९ सीसी, हिचं ७९६, तेही तीन सिलिंडरचं. ‘ही खेळण्यातली गाडी घाट काय चढणार?’ असं हसणारे बरेच होते. ताकद मात्र दोघींची चाळीस अश्वशक्तीच्या आसपास आणि वजन? फियाट नऊशे किलोच्या घरात, आठशे साडेसहाशेच्या. खरं कोडं इथेच सुटतं. शिवाय रेडिएटरचा पंखा विजेवरचा, इंजिन मंद असलं तरी पूर्ण वेगाने फिरणारा. पाच माणसं बसवली की एसी बंद करावा लागायचा, हे आठशेवाले सहसा सांगत नाहीत.

आठशेनं देखभालीचा अर्थच बदलला. पूर्वी ती मालकाची रविवारची कामगिरी होती, आता सर्व्हिसिंगची तारीख झाली. २००० च्या सुमारास इंधन फवारणारी एमपीएफआय प्रणाली आली आणि कार्ब्युरेटरवर हात बसलेल्या मेस्त्रींना बिघाड दाखवणारा स्कॅनर शोधावा लागला. पत्र्याच्या बाबतीत मात्र मी फियाटच्या बाजूचा. तिच्या दारावर अंगठ्यानं दाबलं तर अंगठा दुखतो.

आता कार्ब्युरेटरवाल्या दोघींचं दुखणं एकच, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्यानं जुन्या रबरी नळ्या फुगतात, चिरतात. जाणकार त्या आधीच बदलून घेतात. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण करही दोघींना चुकत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पहिल्या पद्मिनी त्या वयाला पोचल्या आहेत. पहिल्या आठशेला २०३३ उजाडेल.