रवंथ न करणारी समुद्रगाय

उदगीरकडच्या आमच्या बांधावर देवणी गाय चरायला सोडली की आधी तिची जीभ बाहेर येते. गवताला जिभेचा वेढा घालायचा, हिसका द्यायचा, की घास तोंडात. मुळं जमिनीतच राहतात, म्हणून दोन पाऊस झाले की बांध पुन्हा हिरवा.

उथळ समुद्रात चरणारी ड्युगाँग, म्हणजे समुद्रात राहणारा एक मोठा सस्तन प्राणी, मात्र गवत मुळासकट उपटते. तिचं थोबाड खाली वळलेलं असतं. जाड, राठ केसांचा ओठ वाळूत खुपसून ती पुढे सरकते आणि मागे नागमोडी पट्टा उरतो, थेट नांगराच्या तासासारखा. जमिनीखालच्या खोडात पिष्ट साठलेलं असतं, ते ती सोडत नाही. दिवसाला 30-40 किलो समुद्रगवत लागतं. दुभत्या गाईच्या हिरव्या चाऱ्याएवढंच म्हणा ना. हे गवत म्हणजे शेवाळ नव्हे, फुलं येणारी खरीखुरी वनस्पती आहे. तिला ऊन हवं, म्हणून पाणी उथळ आणि नितळ लागतं. ड्युगाँगला स्वतःलाही थंड पाणी सोसत नाही.

आपण तिला समुद्रगाय म्हणतो, पण तिचं नातं हत्तीशी. ती रवंथ करत नाही. चारा आंबतो तो लांबलचक मोठ्या आतड्यात, आणि तिथून बाहेर पडायला जवळजवळ आठवडा लागतो. सडसुद्धा मागच्या बाजूला नसतात. हत्तिणीसारखे पुढच्या अंगाला, वल्ह्यासारख्या हातांच्या बगलेत असतात. वयात आलेल्या नराला तर छोटे सुळेही येतात.

गुराढोरांत वाढलेल्या माणसाला खरी काळजी वाटते ती तिच्या वेताची. आपली गाय नऊ महिन्यांत विते. ड्युगाँग 13-14 महिने गाभण राहते, एकच पिल्लू देते, ते दीड वर्षापर्यंत दूध पितं, आणि पुढचं वेत तीन ते सात वर्षांनी. ती सत्तर वर्षं जगू शकते, पण सगळं सुरळीत असलं तरी कळप वर्षाला फार तर पाच टक्क्यांनी वाढतो. एक मादी गेली की तिची जागा भरायला किती वर्षं जातील, याचा हिशेब तुम्हीच करा.

भारतात ती आता कच्छचं आखात, मन्नारचं आखात, पाल्कचा उपसागर आणि अंदमान-निकोबार एवढ्याच ठिकाणी उरली आहे. पाल्कमध्ये तमिळनाडू सरकारने 2022 साली 448 चौरस किलोमीटरचं खास संवर्धन क्षेत्र जाहीर केलं. हे फार आधी व्हायला हवं होतं.

सगळ्यात मोठा घात जाळ्यांचा. तिला दर काही मिनिटांनी श्वासाला वर यावंच लागतं. जाळ्यात अडकली की ती पाण्यातच गुदमरते. तिकडचे काही मच्छीमार जाळं कापून तिला सोडून देतात, आणि वनविभाग त्यांना त्याचा मोबदला देतो. त्या घराला जाळं म्हणजे आपल्याकडची बैलजोडी. ते हाताने कापताना काय वाटत असेल, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही.