चोरपाऊल आणि सोंग : व्हॅम्पायरच्या खेळात लपून जाणे आणि बेमालूम शिरणे

गेल्या पावसाळ्यातील एका शनिवारी नेरूळला मित्राच्या घरी आमचा खेळ रंगला होता. आम्ही पाच जण ‘व्हॅम्पायर : द मॅस्करेड’ खेळतो. टेबलाभोवती बसून, व्हॅम्पायरांच्या भूमिका घेऊन आणि फासे टाकून कथा पुढे नेण्याचा हा खेळ, आणि कथा चालवण्याचे, म्हणजे स्टोरीटेलरचे, काम माझ्याकडे असते. त्या रात्रीचा प्रसंग महापे येथील एका काल्पनिक डेटा सेंटरमध्ये घडत होता. पात्रांच्या हातून भर रस्त्यात झालेल्या एका शिकारीचे चित्रीकरण तिथल्या सर्व्हरवर जाऊन बसले होते आणि ते पहाटेपूर्वी नाहीसे करायचे होते. एका खेळाडूच्या नॉस्फेराटू कुळातल्या व्हॅम्पायरने लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कामगाराचा गणवेश चढवला, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, आपल्या शक्तीने चारचौघांसारखा चेहरा धारण केला आणि तो सरळ गेटवरच्या सुरक्षारक्षकासमोर जाऊन उभा राहिला. मी सवयीने त्याला डेक्स्टेरिटी (चपळाई) आणि स्टेल्थचे (लपून जाण्याचे) फासे टाकायला सांगितले. फासे उलटे पडले आणि रक्षकाने तुला पाहिले, असे मी जाहीर केले. खेळाडूने शांतपणे विचारले, “त्याने मला पाहावे म्हणूनच तर मी गेटवर आलो आहे. मग त्याने पाहिले, तर माझे बिघडले कुठे?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण दोन वेगळ्या कसबांना मी एकाच मापाने मोजत होतो. इंग्रजीत ज्यांना स्टेल्थ आणि इन्फिल्ट्रेशन म्हणतात, त्यांना आमच्या गटात आता चोरपाऊल आणि सोंग असे म्हणतात. चोरपावलांनी जाणाऱ्याचा प्रयत्न असतो की, आपण तिथे आलो होतो हेच कोणाला कळू नये. सोंग घेणारा मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर वावरतो. त्याची सारी भिस्त आपण जे दिसतो आहोत ते लोकांना खरे वाटण्यावर असते. पोलिसाच्या वेषात दारात येऊन दरडावणाऱ्या बहुरूप्याकडे कोणी पाहिलेच नाही, तर त्याची कला फुकट जाते.

मराठी वाचकाला हा फरक इतिहासातून ओळखीचा आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांचे मावळे रात्री कोंढाण्याचा कडा चढले, तेव्हा गडावरच्या कोणालाही चाहूल लागू नये एवढीच त्यांची गरज होती. एप्रिल १६६३ मध्ये शाहिस्तेखानावर छापा घालताना काही मंडळी लग्नाच्या वरातीचा बहाणा करून पुण्यात शिरली, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. त्या वरातीला पहाऱ्यावरच्या लोकांनी पाहिले आणि जाऊही दिले, कारण जे दिसत होते ते नेहमीचेच होते. परंतु पुढे लाल महालात मुदपाकखान्याकडच्या भिंतीचा बुजवलेला भाग फोडून आत जाण्याची वेळ आली, तेव्हा वरातीचे सोंग संपले आणि चोरपाऊल सुरू झाले. एकाच मोहिमेत दोन्ही कसबे लागली आणि त्यांचा सांधा त्या भिंतीपाशी होता. प्रसंगाची तयारी करताना मी आता सर्वांत आधी हा सांधा कुठे येणार ते शोधतो. पात्रे कोणत्या दारापर्यंत राजरोस जाऊ शकतात आणि कोणत्या दारापुढे त्यांना कोणतेच सोंग पुरणार नाही, हे ठरले की निम्मी तयारी झालेली असते.

आता नियमांकडे वळू. हा खेळ १९९१ मध्ये व्हाइट वुल्फ या प्रकाशनाने प्रथम आणला आणि आम्ही खेळतो ती पाचवी आवृत्ती २०१८ ची आहे. तिच्यात दहा बाजूंचे फासे वापरतात. ६ किंवा त्याहून अधिक आकडा आला की ते एक यश. चोरपावलांसाठी बहुधा डेक्स्टेरिटी आणि स्टेल्थ यांची बेरीज करून तितके फासे टाकतात आणि पहारेकरी विट्स (प्रसंगावधान) आणि अवेअरनेसने (सावधपणाने) त्यांना विरोध करतो. सोंगाचा कस बोलण्यात लागतो, म्हणून तिथे मॅनिप्युलेशन (लोकांना आपल्या कलाने वळवणे) आणि सबटरफ्यूज (बेमालूम थाप मारणे) कामाला येतात. बनावट ओळखपत्र आधी तयार करायचे असेल तर लार्सनी, म्हणजे चोरी-बनावटीचे कसब, लागते. पहारेकऱ्यासाठी दर वेळी फासे टाकण्याची गरज नसते. त्याच्या फाशांच्या निम्मी यशे गृहीत धरण्याची सोय नियमांतच आहे. चार फाशांचा कंटाळलेला रक्षक म्हणजे दोन यशे, एवढे धरून मी पुढे जातो.

खरा घोळ ऑब्फस्केट या शक्तीमुळे होतो, कारण लपणे आणि रूप बदलणे या दोन्ही गोष्टी तिच्या एकाच शिडीवर मांडलेल्या आहेत. पहिल्या पायरीवरच्या ‘क्लोक ऑफ शॅडोज’ने व्हॅम्पायर दिसेनासा होतो, पण त्याला जागचे हलता येत नाही. दुसऱ्या पायरीच्या ‘अनसीन पॅसेज’ने तो अदृश्य राहून चालू शकतो, मात्र शक्ती वापरताना कोणाची नजर त्याच्यावर असता कामा नये. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसे व्हायचे असेल, तर चौथ्या पायरीवरचे ‘व्हॅनिश’ लागते. ही सारी चोरपावलांची साधने झाली. तिसऱ्या पायरीवरचे ‘मास्क ऑफ अ थाउजंड फेसेस’ मात्र सोंगाच्या बाजूचे आहे. ते घेतलेला व्हॅम्पायर लोकांना कोणीतरी साधा, लक्षात न राहणारा माणूस म्हणून दिसतो आणि त्यांच्याशी बोलू-चालू शकतो. एखाद्या विशिष्ट माणसाचे रूप घ्यायचे असेल, तर पाचव्या पायरीपर्यंत थांबावे लागते आणि त्या माणसाचा चेहरा आधी नीट न्याहाळावा लागतो. माझ्या अनुभवात नवे खेळाडू इथे फसतात. मास्क घेतला म्हणजे आपण अदृश्य झालो, असे समजून ते निर्धास्तपणे बंद खोलीत शिरतात. रात्री दोन वाजता सर्व्हर रूममध्ये उभा असलेला साधा माणूस हासुद्धा अनोळखी माणूसच असतो, हे त्यांना फासे टाकण्यापूर्वी सांगणे स्टोरीटेलरचे कर्तव्य आहे.

नॉस्फेराटू कुळाच्या बाबतीत तर नियमच हा भेद उघड करतात. या कुळातले व्हॅम्पायर भेसूर दिसतात, आणि माणूस म्हणून वावरण्याच्या त्यांच्या प्रत्येक प्रयत्नात, मास्क वापरला तरीही, फासे कमी होतात. अंधारात सरपटताना मात्र त्यांना अशी कोणतीही वजावट लागत नाही. जे कुळ लपण्यात सर्वांत तयार, तेच सोंगात लंगडे असते.

कोणते कसब कुठे चालेल, हे जागेवर ठरते. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या भाजीबाजारात मध्यरात्रीनंतर गाड्या लागू लागतात, माथाडी कामगार पाठीवर गोणी घेऊन ये-जा करतात आणि दिव्यांच्या उजेडात सगळीकडे माणसेच माणसे असतात. अशा ठिकाणी खोक्यांच्या आडून वाकून चालणारा माणूस पहिल्याच मिनिटाला नजरेत भरेल. त्याऐवजी कोबीची एक गोणी पाठीवर घेतली, तर त्याला कोणी थांबवणार नाही. ‘अनसीन पॅसेज’ वापरला तरी गर्दीत कोणाचा ना कोणाचा धक्का लागणारच, आणि धक्का बसलेला माणूस वळून पाहतोच. याउलट ठाण्याच्या येऊरच्या जंगलाकडे एकाकी बंगला असेल आणि तिथे रात्री कोणी येण्याचे कारणच नसेल, तर सोंगाला आधार उरत नाही, कारण ज्याच्यासारखे दिसावे असा माणूस तिथे मुळात येत नाही. तिथे चोरपाऊलच हवे.

पूर्ण टोळीने लपून जायचे असते, तेव्हा गणित क्रूर होते. सहा फासे आणि तीन यशांची गरज असेल, तर एका खेळाडूला यश मिळण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश असते. ऐकायला हे बरे वाटते. पण चौघांनी स्वतंत्रपणे फासे टाकायचे आणि चौघेही यशस्वी व्हायला हवेत असे म्हटले, तर ती शक्यता पाचात एकावर येते, आणि वाटेत असे दोन टप्पे आले की पंचवीस प्रयत्नांत जेमतेम एकदा मोहीम तडीस जाते. कितीतरी गटांत चोरपावलांचे प्रसंग हमखास हाणामारीत संपतात, त्याचे कारण खेळाडूंच्या बेफिकिरीपेक्षा या गुणाकारात अधिक आहे. म्हणून मी संपूर्ण टोळीसाठी एकदाच फासे टाकायला लावतो, तेही सर्वांत कच्च्या खेळाडूला, आणि इतर जण त्याला कशी मदत करतात हे सांगतील तसे त्याचे फासे वाढवतो. सोंगाला हे गणित लागू होत नाही, कारण तिथे एक जण बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. मात्र तिथे बाकीच्यांनी तोंड बंद ठेवण्याची शिस्त पाळावी लागते, आणि आमच्या गटात ती फाशांहून दुर्मीळ आहे.

अपयशाचे स्वरूपही निराळे असते, आणि माझ्या मते स्टोरीटेलरने सर्वाधिक विचार इथेच करावा. चोरपावलांचे अपयश एका क्षणात घडते, पण ते एका घासात संपवू नये. पहिल्यांदा कुत्रा भुंकतो, मग रक्षक बॅटरी घेऊन जागेवरून उठतो, मग तो वायरलेसवर दुसऱ्याला हाक मारतो. या प्रत्येक पायरीवर खेळाडूला सावरायची संधी असते. एखादे यश पडूनही काम अडले असेल, तर किंमत मोजून यश घेण्याची मुभा पाचव्या आवृत्तीत आहे, आणि तिचा वापर मी लपण्याच्या प्रसंगात मुक्तपणे करतो : तू पलीकडे पोहोचलास, पण तुझी पिशवी कुंपणाच्या अलीकडे राहिली. सोंगाचे अपयश मात्र संशयाच्या रूपाने हळूहळू साचते. रक्षक काही बोलत नाही, फक्त नोंदवहीतले नाव पुन्हा वाचतो. कामगाराच्या हाताला ग्रीस कसे लागलेले नाही, हे त्याच्या लक्षात येते. तो अर्ध्या तासाने कार्यालयात फोन करून विचारतो. खेळाडू आत गेल्यावर खूप वेळाने बाहेर काहीतरी बिघडलेले असते आणि त्याला ते ठाऊक नसते. हा ताण चोरपावलांत कधीच मिळत नाही.

भूक दोघांनाही छळते, पण तिची वेळ वेगळी असते. बहुतेक शक्ती वापरताना व्हॅम्पायरला एक फासा टाकून रक्ताची परीक्षा द्यावी लागते आणि ६ च्या खाली आकडा आला की भूक एकाने वाढते. साध्या कुळातल्या व्हॅम्पायरला मास्क घ्यायचा असेल आणि पुढे हात मिळवण्याची वेळ येणार म्हणून ‘ब्लश ऑफ लाइफ’ने अंगात ऊब व हृदयात ठोके आणायचे असतील, तर पहिले वाक्य बोलण्यापूर्वीच अशा दोन परीक्षा होतात. चारात एकदा भूक मुळीच वाढत नाही, दोनदा एकाने वाढते आणि एकदा दोनाने. आणि मग हा भुकेला जीव जिवंत माणसापासून दोन हातांवर उभा राहून गोड बोलत असतो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपण म्हणतो. या खेळात पोट भरल्याचे सोंगही आणता येत नाही. भुकेची पातळी दाखवणाऱ्या फाशावर १ येऊन डाव फसला, तर छतावर लपलेला व्हॅम्पायर फार तर कौले फोडतो, पण गेटवर उभ्या असलेल्याच्या आतले जनावर त्या रक्षकासमोर बाहेर येते.

आमच्या महापेच्या प्रसंगाकडे परत येतो, कारण तो मी पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्यापासून चालवला. या वेळी गेटवर स्टेल्थचा प्रश्नच नव्हता. रक्षकाने नोंदवही पुढे सरकवली : नाव, मोबाइल क्रमांक, कोणाकडे, आत जाण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ. खेळाडूने पहिले चार रकाने भरले. रक्षक म्हणाला, “दादा, नेहमीचे ते दुसरे येतात ना?” खेळाडू म्हणाला, “ते गावाला गेलेत, काका. मलाच पाठवलं.” नॉस्फेराटूची वजावट धरूनही सबटरफ्यूजचे फासे चांगले पडले आणि तो आत गेला.

गेटच्या आत चार पावलांवर कॅमेरा होता. ‘घोस्ट इन द मशीन’ नसेल, तर ऑब्फस्केटची फसवणूक यंत्रापर्यंत पोहोचत नाही. तीही तिसऱ्याच पायरीची शक्ती आहे, पण या खेळाडूने त्या पायरीवर मास्क निवडला होता. त्यामुळे गेटवरच्या काकांना लिफ्टवाला दिसला, त्याच क्षणी नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर एक कुजका, केसहीन चेहरा सरकून गेला. सुदैवाने तिथला माणूस चहा ओतून घेत होता; पडदा पाहिला की नाही, यासाठी मी त्याचे फासे उघड्यावर टाकले आणि त्याने पाहिला नाही. खेळाडूला मात्र इशारा पुरला. त्याने सोंग तिथेच सोडले, जिन्यातला दिवा काढला आणि पुढचे दोन मजले कॅमेऱ्यांच्या कोनांबाहेरून, कोणतीही शक्ती न वापरता, केवळ डेक्स्टेरिटी आणि स्टेल्थवर पार केले. आमचा सांधा त्या जिन्यापाशी आला होता.

चित्रीकरण नाहीसे झाले, आणि तो गच्चीवरून पावसाच्या पाण्याचा पाइप धरून मागच्या गल्लीत उतरला. टेबलाभोवती सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी तेव्हा काहीच बोललो नाही. त्यानंतरचे सत्र मी गेटपासून सुरू केले : सकाळी सात वाजता पाळी बदलताना काकांनी नोंदवही उघडली, बोट ओळीवरून फिरवत नेले आणि लिफ्टवाल्याच्या नावापुढे ‘बाहेर जाण्याची वेळ’ हा रकाना त्यांना कोरा दिसला.