बारमाही वाफा: आधी इशारा, मग रंग

दिवाळीच्या सुमारास नर्सरीत गेलं की त्या दिवशी जे फुललेलं दिसतं तेच आपण उचलून आणतो. मग डिसेंबरपर्यंत वाफा डोळ्यांत भरतो, मार्चमध्ये नुसता हिरवा उरतो आणि मे महिन्यात माती दिसू लागते. पुण्यातल्या माझ्या अंगणात पहिली दोन वर्षं असंच झालं. एकदा लावून वर्षानुवर्षं टिकणाऱ्या झाडांचा वाफा बाराही महिने फुलता हवा असेल, तर रंग नंतर बघावा. हे झाड कशाच्या इशाऱ्यावर फुलतं, ते आधी विचारावं.

शेवंती रात्र मोजते. पुण्यात सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा, पण शेवंतीला तेवढा पुरतो. 1920 मध्ये गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका वाणावर दाखवून दिलं, की फुलायचं कधी हे तो वाण दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. पुढे 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांच्या प्रयोगांतून कळलं, की खरी मोजणी दिवसाची नसून अखंड अंधाराची असते. पानांत फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. उजेडात त्याचं रूप बदलतं, अंधारात ते हळूहळू मूळ रूपाकडे येतं. झाडाच्या आतल्या घड्याळाशी याची सांगड बसली की रात्र पुरेशी लांबली हे पानाला उमगतं, आणि पानात तयार झालेलं एक प्रथिन शेंड्याकडे निरोप नेतं: आता पानं पुरे, कळी धर.

हे मी अंगणातच पाहिलं. एकाच झाडाच्या मुनव्यांपासून केलेल्या दोन शेवंत्या होत्या, एक फाटकावरच्या दिव्याखाली आणि दुसरी दहा पावलांवर, अंधारात. ऑक्टोबर संपता संपता अंधारातली कळ्यांनी लगडली. दिव्याखालची मात्र नुसती उंच होत राहिली. हरितगृहवाले हीच गोष्ट मुद्दाम करतात. मध्यरात्री थोडा वेळ दिवे लावून रात्र मोडली की फुलं लांबणीवर टाकता येतात. म्हणून शेवंतीची जागा ठरवताना एकदा रात्री अंगणात उभं राहून बघावं, उजेड कुठवर पोचतो ते. आणि शेंडे खुडायचे ते पावसाळ्यातच. शेंड्यातून खाली येणारं ऑक्सिन हे संप्रेरक बाजूच्या फुटव्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की फांद्या फुटतात आणि झाड घेरदार होतं. उशिरा खुडलंत तर कळ्याच खुडल्या जातात.

मोगऱ्याची गोष्ट वेगळी. त्याची फुलं नव्या फुटीवर येतात. थंडीत पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, मग छाटणी करायची, खत घालायचं आणि पाणी सुरू करायचं. डाळिंब-संत्र्याचा बहार धरणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. ऊन तापू लागलं की कळ्या दिसतात, आणि शेवंती संपल्यानंतरचा रिकामा उन्हाळा मोगरा भरून काढतो. त्याला वाफ्यातली सर्वांत उन्हाची जागा द्यावी. सावलीत तो पानांवरच समाधान मानतो.

मेअखेरीस वळवाची सर येते आणि मे फ्लॉवरचा लाल चेंडू थेट मातीतून वर येतो. थंडीत त्याची पानं वाळून जातात आणि गड्डा जमिनीत झोपून राहतो. त्या रिकाम्या जागेत एका वर्षी मी कुदळ चालवली आणि दोन गड्डे मधोमध चिरले. तेव्हापासून पानं वाळायच्या आधी प्रत्येक गड्ड्याशेजारी बांबूची काडी रोवून ठेवते. पाठोपाठ रेन लिली येते. कोरड्या दिवसांनंतर चांगला पाऊस झाला की थोड्याच दिवसांत तिचे देठ वर येतात. ती वाफ्याच्या कडेला शोभते.

भर पावसाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत सोनटक्का. याला पाणी लागतं, तेही भरपूर. जुन्या घरांत न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ आणि केळ लावत, तशीच जागा याला आवडते. संध्याकाळी उमलणारी ही पांढरी, सुवासिक फुलं पतंगांना बोलावतात. एक दांडा एकदाच फुलतो. फुलून गेलेला दांडा बुडातून कापला की कंदातून येणाऱ्या नव्या फुटीला जागा आणि उजेड मिळतो. उंच असल्यामुळे तो मागच्या रांगेत हवा, नाहीतर शेवंतीवर सावली धरतो. शेवंतीच्या जोडीला कोरांटी लावली तर थंडीतही वाफ्यात पिवळा रंग टिकतो. अबोली मात्र जवळजवळ वर्षभर, मधल्या फटी भरत राहते.

परदेशी पुस्तकांतल्या आराखड्यांतले ट्यूलिप आणि पिओनी इथे आणू नयेत. त्यांना फुलण्याआधी कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, आणि तो इशारा पुण्याची हवा देऊ शकत नाही.

माझ्या वाफ्यात अजून एक महिना अडतो: मोगऱ्याला ताण दिलेला, शेवंती ओसरलेली, तो जानेवारीचा शेवट. तिथे यंदा कोरांटीचे आणखी दोन ताटवे लावले आहेत.