नाताळची तिथी आणि रोमन सूर्योपासना

येशू ख्रिस्ताचा जन्मोत्सव २५ डिसेंबरला करण्याच्या प्रथेवर रोमन सूर्योपासनेचा प्रभाव पडला का, हा ख्रिस्ती धर्मेतिहासातील जुना वाद आहे. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रांत, जन्मतिथी दिलेली नाही आणि सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजात असा सणही आढळत नाही. जन्मदिन साजरे करतात ते बायबलमधील फारो आणि हेरोद या राजांसारखे पापी, असे तिसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित ओरिगेनने लिहिले.

वादाचा मुख्य पुरावा एकाच संग्रहात आहे. रोममध्ये इ. स. ३५४ साली सिद्ध झालेल्या या संग्रहातील नागरी दिनदर्शिकेत २५ डिसेंबरसमोर ‘अजिंक्याचा जन्मदिन’ आणि रथांच्या ३० शर्यती अशी नोंद आहे, तर त्यातल्याच, ३३६ च्या सुमारास जुळवलेल्या हुतात्म्यांच्या यादीत त्याच तारखेला ख्रिस्त बेथलेहेमात जन्मल्याचे म्हटले आहे. ‘अजिंक्य’ म्हणजे सूर्यदेव सोल, ज्याचे भव्य मंदिर सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये रोममध्ये उभारले. सूर्याच्या सणावर चर्चने आपला सण बसवला, हे मत १८८९ मध्ये जर्मन अभ्यासक हेर्मान उझेनरने मांडले आणि ते लोकप्रिय झाले. मात्र ऑरेलियनने हा दिवस निवडल्याचे एकही समकालीन लेखक सांगत नाही. रोमन साम्राज्यात पुजला जाणारा देव मिथ्रा याचा जन्मही याच दिवशी झाला, या सर्रास केल्या जाणाऱ्या विधानाला तर प्राचीन आधारच नाही.

फ्रेंच चर्च-इतिहासकार लुई द्युशेनचे स्पष्टीकरण वेगळे आहे. ख्रिस्ताचा मृत्यू २५ मार्चला झाला, अशी पश्चिमेकडील समजूत इ. स. २०० च्या सुमारास लिहिणाऱ्या तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाच्या लेखनात दिसते. गर्भधारणाही त्याच दिवशीची मानली, तर नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे मृत्यू आणि गर्भधारणेची तिथी ६ एप्रिल धरल्यास ६ जानेवारी येतो, आणि आर्मेनियन चर्च आजही त्याच दिवशी जन्मोत्सव करते.

तिथीची उसनवारी अशी अनिश्चित असली, तरी सूर्यप्रतिमेचा वावर नाकारता येत नाही. व्हॅटिकनखालील एका थडग्याच्या छतावर, सोनेरी कुट्टिमचित्रात (मोझेइकमध्ये), मस्तकाभोवती किरणे असलेली रथारूढ आकृती आहे आणि अनेक अभ्यासक तिला ख्रिस्तच मानतात. बायबलच्या जुन्या करारातील मलाखी संदेष्ट्याचा ‘न्याय्यत्वाचा सूर्य’ ख्रिस्ताला लावला जात असल्याने ही प्रतिमा केवळ बाहेरून आली असे म्हणता येत नाही. पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांना सूर्यपूजक समजले जाते, म्हणून तेर्तुलियनला खुलासा करावा लागला होता. पाचव्या शतकाच्या मध्यास तर पोप पहिला लिओ याने नाताळच्याच प्रवचनात, संत पेत्राच्या महामंदिराच्या पायऱ्या चढून आत शिरण्यापूर्वी मागे वळून उगवत्या सूर्यापुढे मान लववणाऱ्या भाविकांची कानउघाडणी केली.