स्थानिक संस्थांचे एकत्रीकरण व थेट निवडलेला प्रमुख (मराठवाडा)

शेजारच्या ग्रामपंचायती, नगरपंचायती किंवा नगरपालिका यांचे क्षेत्र एका मोठ्या संस्थेत समाविष्ट करणे आणि त्या संस्थेचा प्रमुख मतदारांनी थेट निवडणे, अशी ही दुपदरी कल्पना आहे. इंग्लंडमध्ये हे दोन्ही पदर एकत्र दिसतात. ग्रेटर मँचेस्टरमधील दहा परिषदांचे संयुक्त प्राधिकरण २०११ मध्ये झाले व त्याच्या महापौराची पहिली थेट निवडणूक २०१७ मध्ये झाली. मूळ परिषदा मात्र तेथे कायम राहिल्या. मराठवाड्यात दोन पदरांची फारकत झालेली आहे. एकत्रीकरण झाले ते महानगरपालिकांसाठी, थेट निवडणूक मिळाली ती नगराध्यक्षाला आणि सरपंचाला. एकत्रीकरणासाठी लोकव्यवहारात ‘हद्दवाढ’ हाच शब्द चालतो.

या प्रक्रियेचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. एक मत तो हैदराबाद संस्थानाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी केलेल्या जिल्हाबंदीपर्यंत, म्हणजे मुलखाच्या जिल्हावार विभागणीपर्यंत (१८६५ च्या सुमारास), मागे नेते. त्यानंतरच्या दशकांत जमीन महसुलावर लोकल फंडाचा उपकर बसला आणि तालुका व जिल्हा पातळीवर मंडळे आली. मात्र ही मंडळे तालुकदाराच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या, अध्यक्षतेखाली चालत आणि त्यांत नेमलेल्या सभासदांचाच भरणा असे. शिवाय जहागिरी व सर्फ-ए-खास (निजामाचा खासगी) मुलखातील गावे दिवाणी, म्हणजे सरकारी, कारभारापासून वेगळी होती. एकाच परिसरातील दोन गावांचे मालक आणि हिशेब निराळे असत. औरंगाबादच्या नगरपालिकेसाठी सामान्यतः १९३६ हे वर्ष दिले जाते, तेही याच चौकटीत वाचले पाहिजे.

दुसरे मत १९४९ पासून सुरुवात मानते. पोलीस कारवाईनंतर सर्फ-ए-खास व जहागिरी खालसा झाल्या आणि सर्व गावे प्रथमच एका कारभाराखाली आली. त्याआधी ‘विलीन’ करण्याजोग्या समान दर्जाच्या संस्थाच नव्हत्या, हा या मताचा आधार असून तो अधिक सबळ वाटतो. पुढे हैदराबाद राज्याने जिल्हा मंडळे, ग्रामपंचायती व जिल्हा नगरपालिका यांसाठी १९५५-५६ मध्ये स्वतंत्र कायदे केले. ते जेमतेम लागू होत होते तोच १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातून निघून उस्मानाबादला (आताचा धाराशिव जिल्हा) जोडले गेले ते याच वेळी. हैदराबादी कायद्यांची जागा टप्प्याटप्प्याने ग्रामपंचायत अधिनियम (१९५८), जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम (१९६१) आणि नगरपालिका अधिनियम (१९६५) यांनी घेतली. पश्चिम महाराष्ट्रातील लोकल बोर्डांसारखी दीर्घ निवडणूक-परंपरा पाठीशी नसताना मराठवाड्याला १९६२ मध्ये जिल्हा परिषदा मिळाल्या, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते.

आजची कायदेशीर चौकट ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९३) घातलेली आहे. अनुच्छेद २४३-क्यूप्रमाणे लोकसंख्या, घनता, महसूल आणि शेतीबाह्य रोजगाराचे प्रमाण पाहून राज्यपाल एखादे क्षेत्र ‘संक्रमणात्मक’, ‘लहान नागरी’ किंवा ‘मोठे नागरी’ ठरवतात. त्यावरून अनुक्रमे नगरपंचायत, नगरपरिषद व महानगरपालिका होते. अधिसूचना निघते, हरकती व सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते. सार्वमत घेण्याची तरतूद नाही. ग्रामसभेने केलेला विरोधाचा ठराव ही कायद्याच्या दृष्टीने एक हरकतच असते.

मराठवाड्यात दोन नगरपालिका खऱ्या अर्थाने एकमेकींत मिळाल्याचे ठळक उदाहरण नांदेडचे आहे. गोदावरीच्या उत्तर तीरावरील नांदेड नगरपालिका आणि दक्षिणेकडील, सिडकोची वसाहत पोटात घेतलेली वाघाळा नगरपालिका एकत्र करून २६ मार्च १९९७ रोजी नांदेड-वाघाळा महानगरपालिका स्थापन झाली. दोन्ही नावे अधिकृत नामाभिधानात टिकली. पुढे जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात नांदेडची निवड झाली आणि २००८ च्या गुरु-ता-गद्दी (गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याच्या) त्रिशताब्दीच्या निमित्ताने मोठी कामे झाली.

छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीचे औरंगाबाद) गोष्ट वेगळी आहे. ८ डिसेंबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली तेव्हा भोवतालची १८ गावे तिच्यात घेतली गेली. त्या गावांच्या ग्रामपंचायती तत्काळ संपल्या, पण महापालिकेची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९८८ मध्ये झाली. मधली वर्षे प्रशासकाची. सातारा-देवळाई परिसराने तर २०१४-१५ च्या सुमारास थोड्याच अवधीत ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि महापालिकेचा प्रभाग अशी तीन रूपे पाहिली. अलीकडे एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. लातूर व परभणी या महानगरपालिका २०११ मधील आणि जालना २०२३ मधील; या तिन्ही ठिकाणी मुख्यतः नगरपालिकेचा दर्जा उंचावला गेला. जकात व पुढे एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यानंतर महापालिकांना मिळणारी शासकीय भरपाई हे या दर्जाचे एक मोठे आकर्षण राहिले आहे.

समावेश झालेल्या गावात पहिला फरक कागदावर जाणवतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील घराची नोंद महापालिकेच्या मालमत्ता करात जाते. घरपट्टी एकदम न वाढवता टप्प्याने चढवण्याची तरतूद आहे, तरी रस्ता आणि नळ यांच्या आधी मागणी बिल येते ही सार्वत्रिक तक्रार असते. ग्रामपंचायतीला मिळणारा वित्त आयोगाचा निधी थांबतो, रोजगार हमीची कामे बंद होतात. जिल्हा परिषदेची शाळा कोणाची हा प्रश्न काही काळ लोंबकळतो. गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनींवरच्या वसाहती २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करण्याचे काम नव्या संस्थेच्या गळ्यात पडते. वाळूज औद्योगिक पट्ट्यातील रांजणगाव शेणपुंजी, वडगाव कोल्हाटी ही गावे लोकवस्तीने लहान शहरांएवढी असूनही त्यांची वाढ ग्रामपंचायतीखालीच झाली. त्याच पट्ट्यातील पाटोद्याची ग्रामपंचायत कर भरणाऱ्याला दळण मोफत दळून देण्यासाठी प्रसिद्ध आहे. अशी व्यवस्था महापालिकेच्या प्रभागात चालवता येईल असे दिसत नाही.

थेट निवडणुकीचा इतिहास धरसोडीचा आहे. राज्यात थेट नगराध्यक्षाचा पहिला प्रयोग १९७४ च्या सुमारास झाला व सोडून दिला गेला. २००१ मध्ये, लातूरचे विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना, तो पुन्हा आला. २००६ मध्ये गेला, २०१६ मध्ये आला, २०२० मध्ये गेला आणि २०२२ मध्ये परत आला. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये सुरू होऊन याच क्रमाने गेली व आली. २०१६ पासून तरी सरकार बदलले की पद्धत बदलते, याहून वेगळे स्पष्टीकरण शोधण्याची फारशी गरज नाही. अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्याचे, हा पेच या पद्धतीतील मूळ दुखणे मानले जाते. तर नगरसेवकांच्या पळवापळवीला ती आळा घालते, असे समर्थक सांगतात. महापौराला मात्र महाराष्ट्रात ही पद्धत कधीच लागू झाली नाही. महापौर अडीच वर्षांसाठी नगरसेवकांतून निवडला जातो आणि कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असतात. मुंबई व नागपुरात १९९८ मध्ये आणलेली ‘मेयर-इन-कौन्सिल’ (कार्यकारी अधिकार महापौर व त्याच्या परिषदेकडे देणारी) ही रचना लवकरच मागे घेतली गेली. मराठवाड्यातील कोणत्याही शहरापर्यंत ती पोहोचली नाही. त्यामुळे जालन्यासारख्या शहराचा दर्जा वाढला, तसा तेथील मतदाराचा प्रमुख निवडण्याचा थेट हक्क गेला.

महापालिकेहून मोठ्या पातळीवर निवडणुकीचा अंश आणखी विरळ होतो. छत्रपती संभाजीनगर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण शहराभोवतीच्या अनेक तालुक्यांतील गावांचे नियोजन पाहते, पण त्याचे नेतृत्व राज्य शासनाकडे आणि कारभार महानगर आयुक्ताकडे असतो. घटनेने (अनुच्छेद २४३-झेडई) सुचवलेली महानगर नियोजन समिती, जिच्यातील किमान दोन-तृतीयांश सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडायचे असतात, ती या चर्चेत क्वचितच येते. सबंध मराठवाड्यासाठी १९९४ मध्ये झालेले वैधानिक विकास मंडळही नियुक्त सदस्यांचेच होते. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

छावणी परिषद (लष्करी छावणीच्या क्षेत्राची स्थानिक संस्था) केंद्रीय कायद्याखाली असल्याने तिचा नागरी भाग महापालिकेत घेण्याचा प्रश्न वेगळ्या मार्गाने हाताळला जातो. उलट दिशेची प्रक्रियाही ध्यानात घ्यावी लागते. २०१४-१५ च्या सुमारास फुलंब्री, सोयगाव, बदनापूर, मंठा, केज, वडवणी, लोहारा, सेनगाव अशा तालुक्याच्या गावांना स्वतंत्र नगरपंचायती मिळाल्या. ग्रामीण भागात गट (अनेक गावांच्या एकत्र) ग्रामपंचायतीतून फुटून वेगळी ग्रामपंचायत मागण्याकडेच कल अधिक दिसतो. बीड, धाराशिव व हिंगोली या जिल्ह्यांत महानगरपालिका नाही.